आपला दोष आपण होऊन सांगावा काय?

औषधनिर्मितीत दोष राहून गेला आहे, तो बाहेर कोणाच्याही ध्यानी आलेला नाही, मालकाला मात्र तो कळून चुकला आहे. अशा वेळी मालकाने काय करावे? माल गुपचूप परत मागवावा, की परवाना प्राधिकाऱ्याकडे जाऊन 'आमच्याकडून असे घडले' हे आपल्या तोंडाने सांगावे? या त्रैमासिकाच्या वाचकांत चिकित्सक आहेत तसेच फार्मसीचालकही आहेत. भेसळ, प्रमाणीकरण, परवाने या विषयांवर आपल्या परिसंवादांतून पुष्कळ चर्चा होते. या प्रश्नावर मात्र मोकळेपणाने बोलणे सारेच टाळतात. कारण उघड आहे. सांगितले तर खटला अंगावर येण्याची धास्ती आणि न सांगितले तर मनाला टोचणी. एका प्रसंगाने हा प्रश्न थेट आमच्या चिकित्सालयात आणून सोडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

जोहे येथील प्रसंग

पेण तालुक्यातील जोहे हे गाव शेजारच्या हमरापूरप्रमाणेच गणेशमूर्तींसाठी सर्वदूर ठाऊक आहे. गणेशोत्सव जवळ येऊ लागला की येथील कारखान्यांत रात्रंदिवस काम चालते. तासन् तास एका बैठकीत, मान वाकवून रंगकाम करणाऱ्या कारागिरांना मन्याशूल, कटिशूल आणि संधिवेदना यांचा त्रास होणे ओघानेच येते. पन्नाशी उलटलेले असेच एक रंगकाम करणारे गृहस्थ आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा गोल व सुजल्यासारखा दिसत होता, रक्तदाब वाढलेला होता आणि पूर्वी नसलेली रक्तशर्करा निघाली होती. सांधेदुखी मात्र जवळजवळ नव्हती. कित्येक महिने ते दुकानातून एक आयुर्वेदिक चूर्ण विकत घेत होते. वेष्टनावर शल्लकी, निर्गुंडी, रास्ना, शुंठी अशी आपल्या नित्य परिचयाची द्रव्ये छापलेली होती. 'दोन दिवसांत उतार पडला होता,' असे ते कौतुकाने सांगत होते.

या द्रव्यांनी दोन दिवसांत एवढा उतार पडत नाही, हे आम्हांस कळत होते. चूर्णात स्टिरॉइड मिसळलेले असावे, ही शंकाही मनात आली. आम्ही त्यांना 'हे चूर्ण हळूहळू कमी करू' एवढे सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. ती शंका आम्ही कोठेही लेखी नोंदविली नाही, कोणासही कळविली नाही. पुढे जे घडले त्यातील आमचा वाटा एवढा आहे आणि तो प्रथमच सांगून टाकणे योग्य.

पुढे महिन्याभरात ते चूर्ण दुकानांतून एकाएकी नाहीसे झाले. 'वेष्टनात दोष निघाला म्हणून कंपनीने माल परत नेला,' असे दुकानदार सांगत. पाचव्या-सहाव्या दिवशी त्या कारागिरास घरच्यांनी आमच्याकडे आणले. पराकोटीचे दौर्बल्य, वांत्या, उभे राहताच भोवळ आणि खाली गेलेला रक्तदाब. आम्ही त्यांना तातडीने पेण येथे रुग्णालयात धाडले. तेथील डॉक्टरांनी स्टिरॉइड अचानक तुटल्याचे अनुमान केले, त्यानुसार उपचार झाले आणि रुग्ण वाचला.

सुमारे पंधरा दिवसांनी त्या चूर्णाच्या फार्मसीचे मालक स्वतः आमच्याकडे आले. जुना परिचय होता. अन्य ठिकाणाहून तक्रार आल्यावर त्यांनी खासगी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली होती आणि चूर्णात डेक्सामेथासोन निघाले होते. ते स्वतः चूर्ण कुटत नव्हते, तयार चूर्ण एका पुरवठादाराकडून घेत होते. खर्च वाचावा म्हणून येणाऱ्या मालाची तपासणी त्यांनी काही काळ थांबविली होती. निकाल हाती येताच त्यांनी विक्री बंद करून माल परत मागविला. पण खरे कारण कोणासही सांगितले नाही. 'वैद्यराज, आता प्रशासनाकडे जावे की न जावे, तुम्हीच सांगा,' असे ते म्हणाले. आम्ही त्यांना आमच्या रुग्णाची हकिगत सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. माल मागे घेतला म्हणजे अपाय थांबला, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

अर्धवट सांगण्याचा अपाय

ही समजूत का चुकीची होती, हे चिकित्सकांस सांगावयास नको. बाहेरून दिलेले स्टिरॉइड दीर्घकाळ चालू राहिले की अधिवृक्क ग्रंथींचे स्वतःचे कार्य मंदावते. ते एकाएकी तुटले तर प्राणावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णास आणि त्याच्या वैद्यास पोटात काय गेले आहे हे कळणे हाच उपचाराचा आरंभ असतो. 'वेष्टनदोष' या शब्दाने माल परत येतो, पण रुग्णाच्या शरीरात गेलेले द्रव्य परत येत नाही.

औषधांच्या इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. १९३७ साली अमेरिकेत मॅसेनगिल या कंपनीने सल्फानिलामाइडचे द्रवरूप औषध बाजारात आणले. द्रावक म्हणून त्यात डायइथिलीन ग्लायकॉल वापरले होते. शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. औषध घातक आहे हे कळल्यावर कंपनीने विक्रेत्यांना आणि डॉक्टरांना हजाराहून अधिक तारा पाठविल्या. परंतु त्या तारांत केवळ माल परत पाठवा एवढेच होते. औषधाने प्राण जाऊ शकतो, हे त्यांत नव्हते. तेथील औषध प्रशासनाने आग्रह धरला तेव्हा कंपनीने धोका स्पष्ट करणारी दुसरी तार पाठविली. या दोन तारांमध्ये जे अंतर आहे, तेच माल परत मागविणे आणि दोष सांगणे यांत आहे.

हेच विष महाराष्ट्रातही येऊन गेले. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉलने दूषित ग्लिसरॉल रुग्णांना दिले गेले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने रुग्णालय, पुरवठादार, औषध प्रशासन आणि मंत्रालय या साऱ्यांच्याच कारभारावर कठोर ताशेरे ओढले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातील बालकांची मूत्रपिंडे खोकल्याच्या औषधाने निकामी झाली. त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले आणि २० हून अधिक बालके गेली. कांचीपुरम येथे तयार झालेल्या त्या औषधाच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल आढळले. कारण उघड होईपर्यंत काही आठवडे गेले आणि तोवर उपचार करणारे डॉक्टर अंधारात चाचपडत होते. ही सर्व औषधे आधुनिक शास्त्राची होती, असे म्हणून आपण समाधान मानू नये. दोष कोठल्याही पद्धतीच्या बाटलीत शिरू शकतो.

सांगणाऱ्यास सवलत : अमेरिकेची रीत आणि पुण्याशी जोडलेले प्रकरण

सांगावे हे नीतीला पटते, पण सांगणाऱ्याचे पुढे काय होते? या प्रश्नाचा विचार अमेरिकेच्या न्याय खात्याने कंपन्यांच्या लाचखोरीसंदर्भात पद्धतशीरपणे केला आहे. २०१६ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०१७ पासून कायम धोरण म्हणून त्यांनी जाहीर केले की, जी कंपनी आपला गुन्हा आपण होऊन, वेळेवर कळवील, तपासाला पूर्ण सहकार्य देईल, दोष दुरुस्त करील आणि गैरमार्गाने मिळविलेला लाभ परत करील, तिच्यावर सामान्यतः खटला भरला जाणार नाही.

या धोरणाची कसोटी पाहणाऱ्या एका प्रकरणाचा संबंध आपल्या पुण्याशी येतो. कॉग्निझंट या अमेरिकी संगणक कंपनीने चेन्नई येथील संकुलाच्या परवानगीसाठी बांधकाम कंत्राटदारामार्फत सुमारे २० लाख डॉलरची लाच देण्यास मंजुरी दिली, असा आरोप होता. पुण्यातील प्रकल्पाच्या परवानगीसाठी दिलेली रक्कमही तपासात पुढे आली. मंजुरी देणाऱ्यांत कंपनीचे अध्यक्ष आणि मुख्य विधी अधिकारी होते, असे अमेरिकी तपास यंत्रणांचे म्हणणे होते. २०१६ साली संचालक मंडळास हे कळले, तेव्हा दोन आठवड्यांच्या आत कंपनीने स्वतः जाऊन सांगितले. फेब्रुवारी २०१९ मध्ये न्याय खात्याने कंपनीवर खटला न भरण्याचा निर्णय दिला. कंपनी मोकळी सुटली असे मात्र नव्हे. रोखे नियामकाशी झालेल्या तडजोडीत तिला सुमारे अडीच कोटी डॉलर भरावे लागले. त्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः आरोप ठेवण्यात आले.

याचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी लाचखोरीच्या कायद्याची अंमलबजावणी स्थगित करण्याचा आदेश काढला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या दोन अधिकाऱ्यांविरुद्धचा खटला सरकारनेच मागे घेतला. तेव्हा कोणी म्हणेल, गप्प बसले असते तरी काय बिघडले असते? ज्यांनी सांगितले त्यांनी पैसे भरले आणि ज्यांच्यावर आरोप होता ते सुटले. हा आक्षेप हसून उडवून देण्यासारखा नाही. शासनाचे वारे फिरतात. मात्र २०१६ साली संचालकांच्या हाती २०२५ चे वारे नव्हते. समोर असलेल्या माहितीवर निर्णय घ्यावयाचा असतो, आणि त्यांच्यासमोरील माहिती एवढीच होती की दोष घडला आहे, तो अनेकांना ठाऊक आहे आणि उद्या दुसरा कोणी तो सांगू शकतो.

आपल्याकडे काय आहे?

स्वतःहून सांगणाऱ्यास सवलत ही कल्पना भारतीय कायद्यास अपरिचित नाही. संगनमताने किमती ठरविणाऱ्या कंपन्यांपैकी जी प्रथम पुढे येऊन पुराव्यासह सांगते, तिचा दंड स्पर्धा कायद्याच्या कलम ४६ अन्वये पूर्णपणे माफ होऊ शकतो. २०१८ साली ड्राय सेल बॅटरीच्या किमतींच्या प्रकरणात प्रथम सांगणाऱ्या पॅनासोनिकला दंडात १०० टक्के सवलत मिळाली. मागाहून आलेल्या एव्हरेडीला ३० टक्के व निप्पोच्या उत्पादकांना २० टक्केच मिळाली. त्याच वर्षी पुणे महानगरपालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांतील संगनमताचा निकाल लागला. ते प्रकरण नागरिक चेतना मंच या पुण्यातील नागरिकांच्या संस्थेच्या तक्रारीतून पुढे आले होते. संबंधित कंपन्यांपैकी काहींनी चौकशी सुरू झाल्यावर कबुली दिली. त्यांनाही दंडात सवलत मिळाली, परंतु पूर्ण माफी नव्हे. यावरून दिसते ते असे की, सांगण्याचे मोल वेळेवर ठरते. दाराची कडी वाजण्यापूर्वी सांगणे आणि वाजल्यावर सांगणे यांत कायदाही भेद करतो. कराच्या बाबतीत नोटीस येण्यापूर्वी राहिलेली रक्कम स्वतः भरणाऱ्यास दंडात मिळणारी सवलत आपल्या फार्मसीचालकांच्या परिचयाची आहेच.

औषधांच्या कायद्यात मात्र अशी लेखी हमी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या प्रकरण चार-अ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांसंबंधी तरतुदी आहेत. अपमिश्रित आणि बनावट औषधांची व्याख्या तेथे आहे, शिक्षाही आहे. 'आपण होऊन कळविल्यास खटला भरला जाणार नाही' असे वाक्य कोठेही नाही. तथापि तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट शेड्यूल टी. नियम १५७ अन्वये आपणा सर्वांवर बंधनकारक असलेल्या या अनुसूचीत, बाजारातून आलेल्या प्रत्येक तक्रारीची नोंदवही ठेवणे, तक्रारीची चौकशी करून काय उपाय केला ते लिहिणे आणि दर सहा महिन्यांनी त्या नोंदी परवाना प्राधिकाऱ्यास सादर करणे सांगितले आहे. औषधाच्या दुष्परिणामांची स्वतंत्र नोंदवहीही आहे. म्हणजे 'स्वतःहून सांगणे' हे आपल्याकडे नवे नाही. ते आधीच कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. आपल्यापैकी किती फार्मसींच्या तक्रारवहीत 'निरंक' याखेरीज दुसरा शब्द आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा. वर्षानुवर्षे निरंक असलेली वही निर्दोष उत्पादनाचे प्रमाणपत्र नव्हे. बहुधा ती कोणी उघडतच नसल्याची खूण असते.

दुसरी गोष्ट कलम ३३-एम. या प्रकरणाखालील खटला निरीक्षकाने भरावयाचा असतो आणि त्यास विहित प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. तेव्हा फाईल प्रथम अशा अधिकाऱ्यासमोर जाते ज्याला मंजुरी देणे न देणे ठरवावयाचे असते. दोष कोणी शोधला, कधी कळविला, रुग्णांना सावध केले की नाही, या बाबी त्याच्यासमोर असणे आणि नसणे यांत निश्चितच अंतर पडते. हमी नव्हे, पण अंतर.

तिसरी गोष्ट कलम ३४. कंपनीने केलेल्या अपराधास, त्या वेळी कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाते. अपराध आपल्या नकळत घडला किंवा तो टाळण्यासाठी आपण सर्व योग्य काळजी घेतली होती, हे सिद्ध केल्यास तिला बचाव मिळतो. प्रयोगशाळेचा अहवाल हाती पडला, त्या दिवशी 'मला माहीत नव्हते' हा बचाव संपतो. त्यानंतर विकल्या गेलेल्या प्रत्येक पुडीचे उत्तरदायित्व जाणतेपणाचे असते. आपल्या शास्त्रातील प्रज्ञापराध ही संज्ञा याहून वेगळे काय सांगते? धी, धृती, स्मृती यांचा भ्रंश होऊन, अहित जाणूनही केलेले कर्म. अजाणता झालेली चूक दोष असेल. कळल्यावर राखलेले मौन हा प्रज्ञापराध होय.

विरुद्ध बाजू

आमच्याशी असहमत असणाऱ्या स्नेह्यांचे म्हणणे येथे प्रामाणिकपणे मांडतो.

ते म्हणतात, मोठ्या कंपनीजवळ वकील आहेत, पैसा आहे. तिला सांगणे परवडते. आठ-दहा कामगारांची फार्मसी परवाना निलंबित झाला तर दोन महिन्यांत बंद पडते. हे खरे आहे. ते म्हणतात, लेखी निवेदन दिले की तेच उद्या पुरावा म्हणून पुढे येईल. हेही खरे आहे. म्हणून वकिलाचा सल्ला न घेता निवेदन देऊ नये. ते म्हणतात, जो सांगतो त्याचीच बातमी होते आणि जो भेसळ करून गप्प बसतो तो बाजार मिळवितो. यातही तथ्य आहे. आणखी असे म्हणतात की, एका फार्मसीच्या कबुलीने साऱ्या आयुर्वेदाची नाचक्की होते.

या शेवटच्या आक्षेपाबाबत मात्र आमचा अनुभव उलट सांगतो. २००४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांचा पहिला सूर संतापाचा होता. रसौषधींचे शोधन-मारण परदेशीयांस काय कळणार, असे आपण म्हणालो. तो मुद्दा काही औषधांपुरता रास्तही होता. पण जी उत्पादने केवळ वनस्पतीजन्य म्हणून विकली जात होती, त्यांत शिसे कोठून आले, याचे उत्तर आपणापाशी नव्हते. निर्यातीच्या वनस्पतीजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. ही तपासणी आपण स्वतःहून आरंभिली असती आणि निकाल स्वतः जाहीर केले असते, तर ती बातमी आपली झाली असती. नाचक्की दोष सांगितल्याने होत नाही. तो दुसऱ्याने शोधून काढल्याने होते.

आमचे मत

सर्वच त्रुटींना एक माप लावता येत नाही, म्हणून आम्ही त्यांचे तीन वर्ग करतो.

पहिला वर्ग कागदोपत्री त्रुटींचा. लेबलावरील छपाईची चूक, नोंद राहून जाणे इत्यादी. येथे दुरुस्ती करावी, नोंदवहीत लिहावे आणि सहामाही अहवालात ते दडवू नये. धावत जाऊन कबुलीजबाब देण्याचे कारण नाही.

दुसरा वर्ग अजाणता घडलेल्या पण रुग्णास अपाय करू शकणाऱ्या दोषांचा. चुकीचे द्रव्य, दूषित बॅच, पुरवठादाराने केलेली भेसळ. येथे सांगावे, आणि लगेच सांगावे. नफातोट्याचा हिशेब येथे गैरलागू आहे, कारण औषध रुग्णाच्या घरी पोहोचलेले आहे आणि त्याचे रक्षण आपल्या मौनाने होत नाही.

तिसरा वर्ग जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचा. तात्काळ गुण यावा म्हणून स्टिरॉइड मिसळणे, वाजीकरणाच्या कॅप्सूलमध्ये आधुनिक औषध घालणे. फार्मसीतील कोणी हे केले असेल आणि मालकास नंतर कळले, तर त्याने त्या व्यक्तीस पाठीशी न घालता कळवावे. मालकानेच केले असेल, तर त्याला आमच्या सल्ल्याची नव्हे, कायद्याची गरज आहे. अशा माणसास संघटनेने आश्रय देऊ नये.

दुसऱ्या व तिसऱ्या वर्गात क्रम कोणता असावा? प्रथम विक्री थांबवावी आणि शिल्लक माल, कंट्रोल सॅम्पल व खरेदीची बिले सील करून ठेवावीत. माल नष्ट करण्याची घाई करू नये, कारण नष्ट केलेला माल पुरावा नष्ट केल्यासारखा दिसतो. दुसरे, वितरक, दुकानदार आणि वैद्य यांना खरे कारण, बॅच क्रमांक आणि रुग्णाने काय करावे, हे स्पष्ट शब्दांत कळवावे. यास एक दिवसही लावू नये. तिसरे, वकिलाशी बोलून परवाना प्राधिकाऱ्यास लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. जे ठाऊक आहे तेवढेच लिहावे. जे अद्याप तपासायचे आहे ते तसे लिहावे. चौथे, दोष कोठून शिरला ते शोधून तो मार्ग बंद करावा. निदानपरिवर्जन हा चिकित्सेचा पहिला सिद्धांत आपण रुग्णास सांगतो, तो आपल्या कारखान्यासही लागू आहे.

चिकित्सकांवरही तेवढेच दायित्व आहे. २०१८ पासून आयुष औषधांसाठी औषधदक्षता कार्यक्रम चालू असून नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था त्याचे राष्ट्रीय केंद्र आहे. संशयित दुष्परिणाम तेथवर पोहोचविणे प्रत्येक वैद्यास शक्य आहे. आम्ही ते केले नाही. त्या कारागिराचा गोल झालेला चेहरा पाहिला त्याच दिवशी आम्ही एक कागद लिहिला असता, तर फार्मसीच्या मालकास महिनाभर आधी कळले असते. व्याधी संचयावस्थेत ओळखावा, तो भेदावस्थेपर्यंत जाऊ देऊ नये, हे आपण विद्यार्थ्यांस शिकवितो. दोषांची ही रीत कारखान्यातही तीच आहे.

संघटनेने एक गोष्ट करावी, अशी आमची विनंती आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे आणि आयुष मंत्रालयाकडे लेखी मागणी करावी की, दुसऱ्या वर्गातील दोष जो उत्पादक आपण होऊन, ठरावीक मुदतीत, रुग्णांना सावध करून कळवील, त्याच्यासंबंधी खटल्याची मंजुरी देताना कोणते निकष लावले जातील, हे प्रसिद्ध करावे. माफी मागू नये, निकष मागावेत. आज प्रामाणिक उत्पादकास प्रशासनाच्या दारात पाऊल टाकताना पुढे काय होईल याची कल्पना नसते, आणि या अंधाराचा लाभ अप्रामाणिकास होतो. स्पर्धा आयोगास जे लिहून ठेवता आले, ते औषधांबाबत लिहिता येणार नाही असे नाही. अपायाची भरपाई आणि जाणूनबुजून केलेली भेसळ यांना त्यात कोणतीही सवलत नसावी, हेही त्याच मागणीत नमूद असावे.

शेवटी, त्या मालकांचे काय झाले ते सांगणे प्राप्त आहे. आमच्या भेटीनंतर आठवड्याने त्यांनी दुकानदारांना दुसरे पत्र पाठविले आणि त्यात खरे कारण लिहिले. मग वकिलास सोबत घेऊन त्यांनी प्रशासनास लेखी कळविले. त्या उत्पादनाची परवानगी निलंबित झाली आणि पुरवठादाराची चौकशी सुरू झाली. त्यांच्यावर खटला भरावा की नाही, याचा निर्णय हे लिहीपर्यंत झालेला नाही. दोन वितरक त्यांना सोडून गेले आणि तीन कामगार त्यांना कमी करावे लागले. सांगितल्याने त्यांचे भले झाले, असे आम्ही म्हणणार नाही. ते आज कोणासच म्हणता येणार नाही. मात्र त्या दुसऱ्या पत्रानंतर रोह्याकडील एका वैद्यांनी तेच चूर्ण घेणारी आपली एक वृद्ध रुग्णा शोधून काढली आणि तिचे स्टिरॉइड तज्ज्ञाच्या देखरेखीखाली क्रमाने कमी करविले. तिला रुग्णालयात जावे लागले नाही.

जोह्याचे ते कारागीर पुन्हा कामाला बसू लागले आहेत. त्यांची सांधेदुखी परतली आहे आणि आम्ही तिच्यावर आता सावकाश, रीतसर उपचार करीत आहोत. चिकित्सालयात आम्ही एक वही घातली आहे. संशयित औषधाचे नाव, बॅच क्रमांक, लक्षणे आणि कोणास कळविले, असे चार रकाने तिच्यात आहेत. पहिली नोंद आमच्या स्वतःच्या चुकीची आहे.